चौदा नंबरची बॅच

११ जानेवारी

वहिनी,

उद्या-परवा कुरियरवाला एक खोकं आणून देईल. आत माझा जुना कॉम्प्युटर आहे. पडदा नाही, कीबोर्ड नाही, नुसता डबा. तो तुझ्या औषधांच्या दुकानात, इंजेक्शनांच्या फ्रिजशेजारी ठेव आणि फ्रिजच्याच बॅटरीला जोड. तुमच्या घरात कधीही बंद न पडणारी वस्तू ती एकच. म्हणजे तशा दोन आहेत, पण दुसरीला मी हे पत्र लिहितोय.

दादासाठी मी जे ॲप करतोय, ते या डब्यातून मिळणार. ॲप बाजारात मांडायचं तर आधी बाजारवाल्यांची परवानगी काढा, मग त्यांच्या मर्जीने वाट बघा. हे तर एकाच माणसाच्या मापाने शिवलेलं, रोज कुठेतरी उसवणार, रोज टाका घालावा लागणार. शिवाय घरातल्या माणसाचं दुखणं परक्याच्या मशीनवर कशाला? म्हणून डब्यात एक प्रोग्राम बसवलाय. तो म्हणजे आपलं स्वतःचं छोटं दुकान समज. मी इथून नवं व्हर्जन टाकलं की ते एका पानावर नंबरासकट दिसतं. शेजारी एक चौकोनी नक्षी असते. दादाच्या फोनचा कॅमेरा तिच्यासमोर धरला की ॲप फोनवर उतरतं. जुनी व्हर्जनं यादीत खाली तशीच राहतात, आणि कुठलं किती वेळा उतरवलं गेलं ते मला इथे बसून कळतं.

फोन कुरकुर करेल. अनोळखी ठिकाणाहून आलंय, धोका असू शकतो, वगैरे. तू बेलाशक हो म्हण.

ॲप अगदी साधं आहे. चौकटी आणि चित्रं. चौकट दाबली की फोन तो शब्द बोलतो. पाणी, चहा, खिडकी, नको. झटका आल्यापासून दादाला सगळं कळतं, पण शब्द ओठांशी येऊन अडतो, असं वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या ना? मग तेवढा शब्द फोनने म्हणावा.

एकच अट. हे मी केलंय हे दादाला सांगायचं नाही. बाईंनी दिलंय म्हण. माझ्या हातचं त्याला चालत नाही, हे नऊ वर्षांपूर्वी ठरून गेलंय.

तुझा,
नावापुरता दीर

*

२८ जानेवारी

भावोजी,

डबा पोचला. फोन न करता मेलवर लिहितेय, कारण दुकान आणि मागच्या खोल्या यांच्यामधली भिंत पापडासारखी आहे, आणि कुलपात किल्ली कुठे अडते हे कानांनी ऐकण्यात ह्यांचा जन्म गेलाय. ‘भावोजी’ एवढं जरी तोंडातून निघालं तरी आतून काठी आपटेल.

तुमच्या सूचनेप्रमाणे डबा फ्रिजशेजारी ठेवला. निळा दिवा लागला. फोनने धोका-धोका केलं, मी हो म्हटलं. तुमच्याशी नातं जोडताना माझ्या आईनेही हेच केलं होतं. तुमची व्हर्जनं मला लगेच कळली. आमच्याकडे त्याला बॅच म्हणतात. औषध तेच, पण बॅच वेगळी. तर तुमची सहाव्या नंबरची बॅच ह्यांच्या फोनवर बसली.

एक छोटासा घोटाळा झाला. ती चौकोनी नक्षी रोज शोधावी लागू नये म्हणून मी छापून काउंटरवर चिकटवली. शेजारी पैसे भरायची नक्षी होतीच. खोकल्याचं औषध न्यायला एक बाप्या आला, त्याने घाईत तुमच्या नक्षीवर फोन धरला आणि सगळ्याला हो-हो करत गेला. घरी पोचल्यावर मला फोन. म्हणे, तुमच्या दुकानातून आल्यापासून माझा फोन मला पाणी मागतोय. मी त्याला सांगितलं, मग द्या थोडं.

आता ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्यांचं सांगते. हे फोनला हात लावत नाहीत. मी चौकटी दाखवते, हे खिडकीबाहेर बघतात. बाई आल्या की फोन उपडा घालून ठेवतात. दिवसभरात खोलीतून एक आवाज येत नाही. बाई म्हणाल्या, झटक्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत माणूस संवादाला लागला तर लागतो, नाहीतर आत मिटतो तो मिटतोच. मला फार भीती वाटते, भावोजी. एकवीस वर्षं ह्यांच्या ओरडण्यावर वैतागण्यात गेली, आणि आता कोणीतरी ओरडावं म्हणून कान लावून बसते.

जाता जाता एक. झटका आला त्या आठवड्यात हॉस्पिटलच्या जिन्यात एक माणूस मला पाठमोरा दिसला. चाल ओळखीची वाटली. खोलीत न येताच उतरून गेला. तुमच्या ओळखीतला कोणी असेल तर त्याला सांगा, वर येण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

तुमची वहिनी

*

२० फेब्रुवारी

वहिनी,

खोकल्यावाल्याचा किस्सा मी ऑफिसात सांगितला तर लोक अजून मला पाणी आणून देतात. काउंटरवरची नक्षी आधी काढ. पानाला मी आता पासवर्ड लावलाय, खाली दिलाय, चिठ्ठीवर उतरवून घे. त्या पासवर्डने आतली बाजूही उघडते, तेव्हा उगाच कुठली बटणं दाबू नकोस. चिठ्ठी कुठेतरी सांभाळून ठेव.

जिन्यातल्या माणसाबद्दल मला काही माहिती नाही.

तेरापर्यंत फोनचाच यांत्रिक आवाज होता, चौदामध्ये माणसाचा, पण तात्पुरता. इकडच्याच एकाचा, घोगरा, पाठ केल्यासारखा. आता पंधरामध्ये मी एका निवेदिकेकडून सगळे शब्द नीट म्हणवून घेतलेत. काय आवाज आहे! ‘नको’ म्हणते तेही ऐकत राहावंसं वाटतं. सोळामध्ये चौकटीही मोठ्या केल्यात.

आता आपल्या हिशेबाचं बोलू. माझ्या पडद्यावर दिसतंय की तू पंधरा उतरवलंस, आणि त्याच दिवशी पुन्हा चौदा. मग सोळा, आणि पुन्हा चौदा. असं पाच-सहा वेळा झालंय. वहिनी, यादीत सगळ्यात वर असतं ते नवं. नव्यावर जुनं बसतही नाही. त्यासाठी आधी नवं ॲप फोनवरून काढून टाकावं लागतं. म्हणजे तू एवढा उपद्व्याप करून चुकतेस. चुकण्यातसुद्धा इतके कष्ट घेणारी बाई मी पाहिली नाही.

तुझा दीर

*

१ मार्च

भावोजी,

लोकांना गोळ्या देताना एक अक्षर इकडचं तिकडे न केलेल्या बाईला तुम्ही चूक शिकवताय. मी नवीच बॅच उतरवते. तुमच्या डब्यालाच चक्कर येत असेल, त्याला लिंबूपाणी पाजा.

बरं, आनंदाची बातमी आधी द्यायला हवी होती. हे तीन आठवडे फोन वापरताहेत! एक दिवस मी नेहमीसारखी त्यांच्यापुढे फोन ठेवून काउंटरवर गेले, आणि परत येऊन बघते तर फोन ह्यांच्या डाव्या हातात. हल्ली फोन घेऊन मधल्या दारातून शेजारच्या आपल्या कुलपांच्या दुकानात जाऊन बसतात. शटर खालीच असतं, पण आत दिवा लावतात. मी मागे गेले तर फोन गप्प करतात. माझ्यापुढे आवाज बंद करून फक्त ‘चहा’ आणि ‘नको’च्या चौकटीवर बोट ठेवतात. तरी काय झालं? माझा आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. हे सगळं तुमच्या निवेदिकेचं श्रेय असणार. चांगली आहे का हो दिसायला?

आणि तुमच्या तक्रारीवर मी पक्का इलाज केला. आमच्या धंद्यात जुना माल नव्याच्या शेजारी ठेवत नाहीत. चुकून गिऱ्हाइकाच्या हातात गेला तर? काल दुपारी पासवर्ड घालून आतल्या बाजूला शिरले आणि सोळाच्या आधीच्या सगळ्या बॅचेस काढून टाकल्या. प्रत्येकीपुढे केराच्या डब्याचं चित्र होतंच. ह्यांच्या फोनवरही स्वतः सोळा बसवली. आता फळी कशी स्वच्छ दिसते. शाबासकी पोस्टाने पाठवली तरी चालेल.

वहिनी

*

१२ मार्च

भावोजी,

शाबासकी पाठवू नका. काहीतरी भलतंच होऊन बसलंय.

फळी आवरली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी फोन सोडला. चहाही मागत नाहीत. बाई आल्या, हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बाई जाताना म्हणाल्या, जबरदस्ती नको, थोडे दिवस थांबवूया. थांबवूया म्हणजे काय ते मला कळतं. औषधांच्या दुकानात उभी राहून मी हा शब्द खूप वेळा ऐकलाय.

काल दुपारी मी फ्रिजमधला माल लावत होते, तर हे काठी टेकत स्वतः दुकानात आले. झटक्यानंतर पहिल्यांदा. मला वाटलं, माझ्याकडे आले. कसलं काय! ते गेले तुमच्या डब्याकडे. पासवर्डची चिठ्ठी मी डब्यावरच चिकटवली होती. (काही बोलू नका. तुम्ही म्हणालात सांभाळून ठेव, तर मी चिकटपट्टी लावून सांभाळली.) चिठ्ठी बघून ह्यांनी डाव्या अंगठ्याने फोनवर तो आकडा घातला, पान उघडलं, यादीत खालपर्यंत बोट फिरवलं. खाली काहीच नाही. मग फोन माझ्यापुढे धरून माझ्याकडे असं बघितलं, भावोजी, की जणू मी त्यांची तिजोरी विकून खाल्ली.

म्हणजे तो उपद्व्याप ह्यांचा होता. मी नवी बसवायची, आणि माझी पाठ वळली की हे ती काढून पुन्हा चौदा आणायचे. शर्टाचं बटण लावायला ह्यांना पाव तास लागतो.

चौदात होतं काय? खरं सांगा. तुम्ही काहीतरी लपवताय, आणि लपवताना तुमची वाक्यं आखूड होतात हे मला तुम्ही हाफ चड्डीत होतात तेव्हापासून ठाऊक आहे.

वहिनी

*

१४ मार्च

वहिनी,

चौदामधला घोगरा आवाज माझा होता.

निवेदिका मिळेपर्यंत काहीतरी हवं म्हणून मी सगळे शब्द स्वतःच बोललो. आवाज बदलून, मुद्दाम जाडा काढून. वाटलं, नऊ वर्षांत तो विसरला असेल. आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, चाचणीपुरती एक चौकट ठेवली होती. मोठं वाक्य नीट वाजतं का ते बघायला काहीतरी बोलायचं होतं. तोंडात पहिलं आलं ते बोललो. ‘गाढवा, दार लाव!’ हुबेहूब दादासारखं. ती चौकट मी काढायची विसरलो. पंधरामध्ये निवेदिकेला तेवढं वाक्य कसं म्हणायला सांगणार, म्हणून काढली.

आता तो ते का लावून ऐकतो, ते तू मला सांगू नकोस, मला कळतंय. किल्ल्या घासत जन्म काढायचा नाही असं सांगून मी निघालो, तेव्हा त्याने मान वर करून तेवढंच म्हटलं होतं. गाढवा, जाताना दार लाव. मी लावलं. आता त्याला स्वतःला बोलता येत नाही, तर माझ्याच आवाजात तो मला पुन्हा पुन्हा तेच सांगतोय. कोणाला बोलायचा हक्क आहे तर त्यालाच आहे.

तुझ्या फळीची काळजी करू नको. तू डब्यातून काढलंस तरी चौदाचं सगळं सामान माझ्याकडे आहे. ते मी सतरा नंबर देऊन पुन्हा टाकलंय, माझ्याच आवाजात. तीन गोष्टी बदलल्या. बाईंना काल फोन केला, त्या म्हणतात शब्द सुटे असले तर तो जोडायला शिकेल, म्हणून त्या वाक्याचे तीन तुकडे करून तीन चौकटी केल्या. आणि त्यांनी सांगितलेल्या जोड्या घातल्या, गरम-गार, उघडं-बंद. शेवटी एक ‘शेरा’ नावाची चौकट आहे. शब्द जुळवून ती दाबली की ते डब्याच्या पानावर माझ्यासाठी उमटतं. काही बिघडलं तर बाईंना कळवता यावं म्हणून.

त्याला हवं ते त्याला मिळू दे. पण आवाज माझा आहे हे त्याला सांगू नकोस.

दीर

*

२१ मार्च

भावोजी,

तुम्ही शिकलात कितीही, अक्कल मात्र त्याच दुकानाच्या पायरीवर विसरून गेलात.

सांगू नकोस म्हणे! ज्या माणसाला शटरचा आवाज ऐकून कोणाचा हात आहे ते कळतं, त्याला तुमचा जाडा आवाज कळणार नाही? त्यांना पहिल्या दिवशीच कळलंय. म्हणून तर त्यांनी फोन उचलला. मी वेडी तिकडे निवेदिकेचं रूप विचारत बसले.

सतरा मी बसवली नाही. फोन नुसता पलंगावर ठेवला आणि म्हटलं, फळीवर नवा माल आलाय. अर्ध्या तासात हे मधल्या दारातून कुलपांच्या दुकानात. या वेळी मी चपला काढून मागे गेले आणि दाराआड उभी राहिले.

तुम्ही म्हणता ते रागाने लावतात. मी जे बघितलं ते सांगते. कामाच्या टेबलापाशी बसलेले. फोन कानाजवळ. आधी ‘पाणी’ लावलं, मग ‘खिडकी’, मग ‘चहा’. एकेक शब्द संपेपर्यंत डोळे मिटून ऐकायचे. मग त्या तीन चौकटी सापडल्या. गाढवा. दार. लाव. आणि हसले, भावोजी! अर्धं तोंड हसत नाही, पण दुसरं अर्धं असं हसलं की मला पदर तोंडात कोंबावा लागला. मग पुन्हा लावलं, आणि पुन्हा हसले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. त्यात राग कुठेच नव्हता. मी एवढी वर्षं त्यांचा राग ओळखते.

आणि ते वाक्य! अहो, ते तुम्हाला रोज म्हणायचे. शाळेला निघालात, गाढवा दार लाव. अंघोळीहून आलात, गाढवा दार लाव. कुलपं विकणाऱ्याच्या घरात उघडी दारं टाकणारा तुमच्यासारखा दुसरा नव्हता. तुम्ही बॅग उचललीत त्या दिवशी ह्यांना काय बोलावं सुचेना, म्हणून तोंडात रोजचं होतं तेच आलं. तुम्ही ते मनाला लावून घेऊन नऊ वर्षं बाहेर उभे राहिलात. आणि इकडे हे, दार तुम्ही लावलंत म्हणून तुम्हीच उघडाल याची वाट बघत बसले. दोघे भाऊ एकाच साच्यातले. माझ्या नशिबी दोन्ही आले.

आता या.

वहिनी

*

२६ मार्च

वहिनी,

तुझं पत्र खूपदा वाचलं. पण तू दाराआडून बघितलंस, त्याच्या मनात शिरून नाही. तुला गोड दिसतं, तुझा स्वभावच तसा.

सध्या कामाची गर्दी आहे. रजा मिळणं कठीण. शिवाय मी समोर उभा राहिलो आणि त्याने तोंड फिरवलं, तर आता जे चाललंय तेही बंद पडेल. बाईंचे सहा महिने संपत आलेत. फोनातला मी त्याला चालतोय, तर तेवढाच राहू दे. जमलं तर पावसाळ्यानंतर बघतो.

दीर

*

२९ मार्च

भावोजी,

तुमचं पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. अट मोडली. काय करायचं ते करा.

‘रजा मिळणं कठीण’ला ह्यांनी नाकातून जो आवाज काढला, त्याला कुठल्या ॲपची गरज नव्हती. मग त्यांनी माझ्याकडून फोन मागून घेतला आणि मला हाताने बाहेर जायला सांगितलं. बराच वेळ आतून तुमचा आवाज येत होता, एकेक शब्द, मागे-पुढे. काय जुळवलं ते मला दाखवलं नाही. तुमच्या डब्याच्या पानावर बघा. आणि बघितलंत की मला कळवा, कारण मी इथे फ्रिज उघडून उगाचच उभी आहे.

वहिनी

*

व्हर्जन १७. शेरा. २९ मार्च.

गाढवा. दार. उघडं.

*

३० मार्च

ती. दादास,

तुझा शेरा मिळाला. ॲपमध्ये बिघाड नाही, दुरुस्ती मलाच हवी होती.

रजा टाकली. वहिनीला म्हणावं, फ्रिज बंद कर, औषधं खराब होतील. मी उद्याच्या गाडीत बसतोय, परवा दुपारपर्यंत पोचेन. दुकानाच्या शटरकडून येईन, म्हणजे तुला आवाजावरून कळेल.

आत आलो की दार मीच लावीन. पण एकदा तू फोनवरून तसं सांग, मला समोर ऐकायचंय.

तुझा,
गाढव